बेचाळीस ठिपके

"मोज. पण तुमच्या पद्धतीनं मोज. हाकलत हाकलत."

डेअरीच्या लॅबमधल्या साहेबांनी काचेची प्लेट माझ्या हातात दिली. समोर कॉलेजची दहा-बारा मुलं उभी होती, डेअरी बघायला आलेली. त्यांच्याबरोबर त्यांचे सर. दारात दुधाचे कॅन उतरवणारे दोघं-तिघं. मला वाटलं, मुलांना मोजणी दाखवायची आहे. मी प्लेट पालथी करून दिव्यावर धरली, पेन काढला आणि काचेवर एकेका ठिपक्यावर खूण करायला लागलो.

"अरे तसं नाही," साहेब म्हणाले. "मेंढरं आत घालताना तुझा बाप तोंडानं आवाज काढायचा ना? तो काढ. जंतू कसे रांगेत आले पाहिजेत."

मुलं हसली. त्यांचे सर अर्धवट हसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. कॅनवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "काढा की मामा, लाजायलात कशाला?"

मी आवाज काढला.

जीभ टाळूला लावून हुर्र्र. कळप वळवताना बाप काढायचा तोच. नळदुर्ग रस्त्यावरची पांढऱ्या फरशीची खोली, अंगात पांढरा कोट, हातात जंतूंची प्लेट, आणि मी हुर्र्र करत उभा. पंचावन्नाव्या वर्षी.

मला कुणी मारलं नव्हतं. नोकरीवरून काढतो असंही कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं सांगितलं आणि मी काढला. हे आधी लिहून ठेवतो. कारण पुढं जे सांगायचंय ते याहून वाईट आहे, आणि त्यात माझा हात आहे.

आम्ही धनगर. लोहाऱ्यापासून दोन कोसांवर माळाला आमची तीस-पस्तीस घरांची वस्ती. बाप मेंढरं राखायचा. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू आत सोडायचा. वीस झाली की एक खडा खिशात. शेवटी खडे मोजायचे, वरची सुटी बोटांवर धरायची. कळप कळला. त्याची मोजणी कधी चुकलेली मी पाहिली नाही. पण परक्यानं विचारलं, "किती हायेत?" तर तो म्हणायचा, "हायेत धा-ईस." खरा आकडा बाहेर सांगायचा नाही, नजर लागते. हे आम्हाला बोलायला शिकवतानाच शिकवलेलं होतं.

मी दहावी झालो आणि डेअरीत लागलो. डेअरीचं नाव लिहीत नाही. ती आता बंद आहे. आधी मी बाटल्या धुतल्या, मग प्लेटा धुतल्या. पंधरा वर्षांनी प्लेटा मोजायला मिळाल्या. त्या दिवशी घरी पेढे नेले होते.

ते काम काय होतं, ते सांगतो. दुधातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि असतात लाखांनी. म्हणून दूध पातळ करायचं. एक भाग दूध, नऊ भाग निर्जंतुक पाणी. झालं दहापट पातळ. त्यातला एक भाग पुन्हा नऊ भाग पाण्यात. शंभरपट. मग हजारपट, मग दहा हजारपट. त्यातलं एक मिलिलिटर प्लेटमध्ये घालायचं, वर कोमट आगर, म्हणजे जंतू वाढायची जेली, ओतायचं. ते थिजतं. प्लेट दोन दिवस उबेत ठेवायची. एकेका जिवंत जंतूचा वाढून एकेक ठिपका होतो. ठिपके मोजायचे आणि दूध जितकं पातळ केलं तितक्यानं गुणायचं. हजारपटीच्या प्लेटवर पन्नास ठिपके असले, तर एका मिलिलिटरला पन्नास हजार जंतू.

तीसच्या खाली ठिपके असले तर ती प्लेट धरायची नाही, भरवसा नसतो. तीनशेच्या वर असले तर एकमेकांत मिसळतात, तीही धरायची नाही. मधली धरायची. बाकी यात काही विद्या नाही. ठिपके मोजायला डोळे लागतात. पुढं किती शून्यं लावायची ते प्लेटवर टाकलेल्या नंबरावरून ठरतं. एक शून्य चुकलं की दूध दहापट घाण होतं, नाहीतर दहापट स्वच्छ. दूध तेच असतं.

मी बापासारखं विसांनी मोजायचो. वीस झाले की कच्च्या वहीत एक उभी रेघ, सुटे राहिले तर तितके टिंब. पक्क्या वहीत साहेब गुणाकार करून आकडा लिहायचे, खाली मोजणाऱ्याची म्हणून सही माझी. माझी कच्ची वही बघून साहेब एकदा म्हणाले होते, "हे काय, मेंढरांची मोडी?" तेव्हापासून ती वही कुणी उघडून बघत नसे.

ज्या वर्षी मी तो आवाज काढला, त्या वर्षी आमच्या वस्तीवर दूध संकलन केंद्र सुरू झालं. केंद्र म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरापुढचं पत्र्याचं छप्पर, एक वजनकाटा आणि दोन कॅन. आक्का वस्तीतच दिलेली होती. मेंढरं कमी झाली तशी बायकांनी एकेक दोनदोन म्हशी धरल्या होत्या. पंधरा-सोळा बायकांचं दूध आक्का गोळा करायची आणि जीपनं डेअरीत पाठवायची. डेअरीनं सांगितलं होतं, तीन महिने नमुने तपासू. दोन लाखांच्या आत राहिलं तर केंद्र कायम, वर गेलं तर बंद.

पहिला नमुना आला त्याच दिवशी दुसराही एक होता. रस्त्याकडेच्या मोठ्या बागायतदाराच्या गोठ्याचा. साठ गायी, खाली फरशी, वर पंखे, दूध काढायचं मशीन. बागायतदार स्वतः डेअरीच्या संचालकांतले. दोन्ही नमुने मीच पातळ केले, नंबर मीच टाकले. खरं तर प्रत्येक पटीच्या दोन-दोन प्लेटा लावायला हव्यात, आमच्याकडं एकेकच लावायचे.

दोन दिवसांनी प्लेटा काढल्या. वस्तीची हजारपटीची मोजली. दोन रेघा, दोन टिंब. बेचाळीस. म्हणजे बेचाळीस हजार. पुन्हा मोजली. बेचाळीसच. गोठ्याची हजारपटीची प्लेट रवा सांडावा तशी भरलेली, मोजायची सोय नाही. म्हणून त्यांची दहा हजारपटीची मोजली. चार रेघा, सहा टिंब. शहाऐंशी. म्हणजे आठ लाख साठ हजार.

मला नवल वाटलं नाही. मशीनच्या रबरी नळ्या आतून कुणी धूत नव्हतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि आक्काच्या हाताखाली मी वाढलो होतो.

साहेबांनी पक्क्या वहीत लिहिलं. वस्ती, चार लाख वीस हजार. गोठा, शहाऐंशी हजार.

मी म्हणालो, "साहेब, शून्य चुकलंय. तिकडचं इकडं आलंय."

साहेब रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "चुकलं नाही. तू नंबर उलटे टाकलेस, मी सुलटे केले."

"न्हाय साहेब, नंबर म्याच टाकलेत. ध्यान देऊन टाकलेत."

"अरे, फरशीवरच्या गायींच्या दुधात आठ लाख, आणि लेंड्यांत बसून पिळलेल्या दुधात बेचाळीस हजार? अक्कल काही सांगते की नाही तुला?"

त्यांना ते मनापासून वाटत होतं. हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. कुणी त्यांना फोन केला नव्हता, कुणाची चिठ्ठी आली नव्हती. आमचं दूध स्वच्छ असू शकतं हेच त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. प्लेट सांगत होती, तर प्लेट खोटी.

मी तरी एकदा विचारलं, "मग साहेब, ती गच्च भरलेली प्लेट कितीची?"

शहाऐंशीची प्लेट जर हजारपटीची होती, तर भरलेली दहा हजारपटीची ठरते; आणि जास्त पातळ केलेली जास्त भरेल कशी? साहेबांनी ती भरलेली प्लेट उचलली आणि धुवायच्या टबात टाकली. मग वस्तीची टाकली. तेवढ्यात बाहेर कॉलेजच्या मुलांची गाडी आली.

पुढचं वर लिहिलं आहे. साहेबांनी तिसऱ्याच कुणाची तरी प्लेट माझ्या हातात दिली आणि मी आवाज काढला. मुलं गेल्यावर त्यांनी पक्की वही पुढं सरकवली. पेन माझ्याच खिशातला काढून दिला.

"कर सही."

मी केली.

तीन महिन्यांत वस्तीचे सहा नमुने आले. सहाही वेळा मी बरोबर मोजलं, सहाही वेळा पक्क्या वहीत एक शून्य जास्त लागलं. आता साहेब मला काही विचारतही नसत. मीही नंतर काही म्हटलं नाही. सहा सह्या.

दुसऱ्या नमुन्यानंतर आक्का स्वतः डेअरीत आली. जीपमध्ये कॅनला धरून बसून आली होती. मला फाटकाबाहेर बोलावून घेतलं.

"पुन्यांदा नापास म्हणायलेत रे."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हशीची आचळं कोमट पाण्यानं धुती. कॅन चिंचंनं घासती, उन्हात पालथा घालती. अजून काय करू? तुला त्यातलं कळतंय. सांग की."

तिला सांगायला चार शब्द पुरले असते. आक्का, दूध चांगलं आहे. फाटकातला वॉचमन ऐकत होता. वर लॅबची खिडकी उघडी होती. मी म्हणालो, "अजून कडक पाणी वापर."

ती खरं मानून गेली. भाऊ लॅबमध्ये, पांढरा कोट घालतो, तो म्हणतो तर बरोबरच असणार.

पुढच्या वेळी वस्तीवर गेलो तेव्हा तिचे हात बघितले. बोटांच्या पेरांवरचं कातडं सोललेलं, तळवे लालबुंद. उकळत्या पाण्यात हात घालून कॅन घासत होती. छपराखाली बायका रांगेत उभ्या होत्या आणि ती एकेकीची नखं बघत होती, शाळेतल्या बाईसारखी. एकीला तिनं सगळ्यांदेखत माघारी पाठवलं. "तुझ्यामुळं वस्तीचं नाव जायलंय. घरी ने हे दूध." ती बाई वळली. चरवी पदराखाली झाकून गेली. मी तिथं खाटेवर बसून चहा पीत होतो.

नापास केलं डेअरीनं, आणि त्या बायका एकमेकींकडं संशयानं बघायला लागल्या. कुणाचे हात, कुणाची चरवी, कुणाचा गोठा. जे त्यांच्यात नव्हतंच ते त्या शोधत राहिल्या.

केंद्र बंद झालं. कारण म्हणून कागद आला, त्यावर सहा आकडे. तो कागद लोहाऱ्यात कसा फिरला माहीत नाही, पण फिरला. चहाच्या हॉटेलात आमच्या वस्तीचं दूध घेणं बंद झालं. "जंतूवाल्यांचं नको बाबा." बाजारात आमच्या माणसाला बघून कुणी नाक धरायचं, चेष्टेनं. बायकांनी एकेक करून म्हशी विकल्या. पूर्वी आम्हाला अडाणी म्हणत, ते आमच्या अंगवळणी पडलं होतं. आता घाण म्हणायला लागले, आणि त्याला लॅबचा शिक्का होता.

आक्का त्यानंतर चार वर्षं जगली. हात धुवायची तिची खोड गेली नाही. अखेरच्या आजारात एका दुपारी मला म्हणाली, "खरंच एवढं घाण व्हतं का रं आपलं दूध?"

मी तेव्हा रिटायर झालो होतो. साहेब नव्हते, वॉचमन नव्हता, वर खिडकी नव्हती. खोलीत आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "जाऊ दे आक्का. आता कशाला ते."

ती गेली.

रिटायर होताना मी कच्ची वही घरी आणली होती. पुरावा म्हणून आणली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नाही. भीतीनं आणली. कधी कुणी रेघा वाचायला शिकला तर मी मोजलेलं एक आणि सही केलेली भलत्याच आकड्याखाली, हे उघडं पडेल म्हणून. ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली. इतकी वर्षं ती तिथंच.

मागच्या महिन्यात वर्षा आली. आक्काची नात. धाराशिवला मायक्रोबायॉलॉजी शिकलेली पोरगी. वस्तीवर पुन्हा केंद्र काढायचं तिनं मनावर घेतलंय. दुसरी एक संस्था तयारही होती. मग त्यांच्या माणसानं जुन्या डेअरीची फाईल काढली आणि म्हणाला, तुमच्या वस्तीचं रेकॉर्ड खराब आहे, सलग सहा वेळा. ताजा नमुना घ्या, असं वर्षा म्हणाली तर तो म्हणाला, एका नमुन्यानं काय होतं, सवयी बदलत नाहीत लोकांच्या.

तिनं त्या फाईलमधल्या पक्क्या वहीच्या पानांची झेरॉक्स माझ्यापुढं धरली.

"आबा, ही सही तुमचीच हाय ना?"

"व्हय."

"सहाच्या सहा?"

"व्हय."

"आज्जीचं दूध तुमीच मोजलं व्हतं?"

मी उठलो, ट्रंक उघडली आणि वही तिच्यासमोर ठेवली. रेघ म्हणजे वीस, टिंब म्हणजे एक, एवढंच सांगितलं. ती वाचत गेली. बोट ठेवून, हळूहळू. बेचाळीसवर थांबली. शेजारी मी त्याच नमुन्याच्या दहा हजारपटीच्या प्लेटचे चार टिंब टाकले होते. चार म्हणजे तीसच्या खाली, ती प्लेट धरायची नसते, पण दिसलं ते मांडायची माझी सवय.

"इथं बेचाळीस, तिथं चार," ती म्हणाली. "म्हंजी बरोबरच हाय की. दहापट पातळ केल्यावर दहाव्या हिश्श्याला यायलंय. नंबर उलटे पडले असते तर हे जुळलंच नसतं."

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते चार टिंब माझ्याच हातचे. त्या दिवशी साहेबांना दाखवले असते तर. दाखवूनही त्यांनी ऐकलं नसतं, ते मला माहीत आहे. पण आक्काला दाखवता आले असते.

वर्षानं वही मिटली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "आज्जीनं तुमाला कधी विचारलं न्हवतं का?"

"विचारलं व्हतं."

"मग?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं. ती झेरॉक्स घेऊन गेली, वही माझ्याकडंच ठेवून. दारातून म्हणाली, "पुढच्या सोमवारी लोहाऱ्याला त्यांची बैठक हाय. त्या रेघा तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर कुणी मानणार न्हाय. यायचं का न्हाय ते तुमचं तुमी बघा."

परवा साहेबांचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलंच. आता ते सोलापुरात असतात, मुलाकडं. आवाज थकला आहे, बोलणं तेच.

"म्हातारपणी काय हे उकरायला लागलास? वही तू चोरून नेलीस असं होईल."

"व्हय साहेब. नेलीच हाय."

"आणि पक्क्या वहीत माझी सही नाही. तुझी आहे. अडकशील तूच."

"माझीच हाय. म्हणून तर म्याच सांगणार."

ते खोकले. मग हसले. "आणि वाचणार कसा रे त्या रेघा लोकांपुढं? हुर्र्र करून?"

माझी जीभ टाळूला लागली. खोटं सांगत नाही, लागली. इतक्या वर्षांची सवय. मी ती तशीच दाबून धरली, पण आवाज काढला नाही. पलीकडं ते वाट बघत राहिले. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

सोमवारी मी सकाळच्या एस.टी.नं लोहाऱ्याला जाणार आहे. बैठकीत काय होईल ते माहीत नाही. बहुतेक काही होणार नाही. म्हणतील, आजोबा, तुमच्या या रेघांना काय अर्थ? म्हणतील, बहिणीच्या दुधासाठी बोलतोय म्हातारा. वर्षा माझ्याशी नीट बोलत नाही. बोलावं असं माझं म्हणणंही नाही. आक्काचे हात काही परत येत नाहीत. ज्या बाईला चरवी झाकून माघारी जावं लागलं तिला मी तोंड दाखवलेलं नाही. तिच्या दारात सोमवारच्या आधी जाऊन यायचं आहे, तेही ठरवलंय.

बाप म्हणायचा, परक्यापुढं खरा आकडा सांगायचा नाही. मी आयुष्यभर पाळलं. परक्यापुढं पाळलं आणि घरच्यापुढंही पाळलं.

आता सांगणार. उभं राहून, सहाही नमुन्यांचे, एकेक करून. पहिला हा. हजारपट पातळ, एक मिलिलिटर, दोन रेघा, दोन टिंब. बेचाळीस गुणिले हजार. बेचाळीस हजार. वस्तीचं दूध स्वच्छ होतं. खोट्या आकड्याखाली सही करणारा मी आहे.

हे सगळं मी कागदावर लिहून नेतोय, म्हणजे तिथं वाचा बसली तरी कागद त्यांच्या हातात देता येईल. खाली सही केली आहे. या वेळी पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट.